डेडस्टॉकच्या यादीवर मी सही का केली नाही

प्रति,
जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांचे अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य महोदय,

सादर नमस्कार.

पोळ्याच्या आठवड्यात मला कॉलेजातून बोलावणं आलं. प्रयोगशाळा सहायक म्हणून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, अजून माझ्याच अक्षरात आहे. माझ्या जागेवर नवीन माणूस भरलाच नाही, मग अक्षर बदलणार कुठून! क्लार्कने निर्लेखनाची, म्हणजे मोडीत काढायच्या सामानाची, यादी पुढे सरकवली. सोनोमीटर ६, रेझोनन्स ट्यूब ४, मीटर ब्रिज ८, स्पेक्ट्रोमीटर २, ट्युनिंग फोर्कच्या पेट्या २, वर्नियर आणि स्क्रू गेज मिळून २३. शेवटच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द: निरुपयोगी. खोली रिकामी करून तिथे मोठा पडदा लावायचा आहे, शहरातल्या क्लासचे व्हिडिओ दाखवायला. "काका, इथं खाली फक्त एक सही मारून द्या," क्लार्क म्हणाला. पोरगा चांगला आहे, माझ्याच हाताखालून बारावी झालेला. मी चहा घेतला आणि सही न करता घरी आलो.

सही नाकारली तर कारण लेखी द्यावं लागते. हे ते कारण. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हीच यादी थोड्याफार फरकाने तुमच्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर असेल. जिथे अजून नसेल तिथे येत्या मार्चपर्यंत येईल.

कारण सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. आमच्याकडे फिजिक्सचे एक सर होते. बदली होऊन जाताना त्यांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. रेजिनाल्ड व्हिक्टर जोन्स नावाच्या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या आठवणी. माझं इंग्रजी यंत्राच्या माहितीपत्रकापुरतं. डिक्शनरी जवळ घेऊन दोन पावसाळे ते वाचत होतो, वावरात काम नसलं की ओसरीवर बसून. घरचे म्हणायचे, "तुमाले आता या वयात कोणती परीक्षा द्याची हाय?"

हा जोन्स सैन्यातल्या एका सार्जंटचा मुलगा. जन्म १९११ चा. लहानपणी घरी रेडिओ सेट जोडायचा नाद. स्कॉलरशिपवर शिकत शिकत ऑक्सफर्डला पोचला, तिथल्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत डॉक्टरेट केली आणि सरकारी संशोधनात लागला. काम कशाचं, तर विमानातून निघणारी उष्णता दुरून ओळखायची, म्हणजे इन्फ्रारेडचं. सप्टेंबर १९३९ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा हवाई खात्याने त्याला हेरखात्यात आणून बसवलं. जर्मन लोक विज्ञानातून कोणतं नवीन हत्यार काढत आहेत, ते शोधायचं. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, हाताखाली जवळपास कोणी नाही. हे शेवटचं वाचून मला लगेच आपलेपणा वाटला.

१९४० चा जून महिना. जर्मनांचा एक पकडलेला संदेश त्याच्यापुढे आला. त्यात 'क्निकेबाइन' असा एक शब्द, क्लेव्ह या जर्मन गावाचं नाव आणि इंग्लंडच्या मधल्या भागातला एक अक्षांश-रेखांश. जोन्सने ताडलं की हा रेडिओचा झोत आहे. अंधाऱ्या रात्री बॉम्बफेक्या विमानाला शहरावर बरोबर नेऊन सोडायला जर्मनीतून आखलेली न दिसणारी पांदण!

ही पांदण चालते कशी, ते आपल्याकडच्या कोणत्याही भजनी मंडळाच्या माणसाला एका मिनिटात कळेल. दोन झोत, एकमेकाला जरासे लागून. एका बाजूच्या झोतात टिंब-टिंब-टिंब वाजते, दुसऱ्या बाजूच्यात रेघ-रेघ-रेघ. टिंबं बरोबर रेघांच्या मधल्या फटीत बसतात. मधोमध विमान असलं की दोन्ही मिळून एक सलग सूर ऐकू येतो. डावीकडे सरकलं की एक वाजते, उजवीकडे सरकलं की दुसरं. राष्ट्रसंतांच्या भजनात दोन खंजिऱ्या एका हातानं वाजल्यासारख्या वाजतात ना, तसंच. एकाचा हात चुकला की ज्याला संगीत येत नाही त्यालाही कळते.

पण मग झोत ऐकायचं यंत्र विमानात पाहिजे, आणि पाडलेल्या जर्मन विमानांत असं कोणतं वेगळं यंत्र सापडत नव्हतं. होता तो धुक्यात उतरण्यासाठीचा नेहमीचा लॉरेन्झ रिसीव्हर. जोन्सने तो तपासणाऱ्या फार्नबरोच्या माणसाला फोन केला: यात काही वेगळं आहे का? तो म्हणाला, नाही. आणि मग आठवून म्हणाला, हां, विमान उतरवायला लागते त्यापेक्षा हा फारच जास्त संवेदनशील आहे.

या जागेवर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. फोनच्या पलीकडचा माणूस कोण, तर यंत्र खोलून बघणारा. त्यानं स्वतःच्या हातानं मोजलं होतं म्हणून त्याला 'जास्त' हा शब्द वापरता आला. नुसतं माहितीपत्रक वाचलं असतं तर 'लॉरेन्झ रिसीव्हर, नग १' असं रजिस्टरात लिहून मोकळा झाला असता.

२१ जून १९४० ला जोन्सला थेट पंतप्रधान चर्चिलच्या बैठकीत बोलावलं. निरोप पाहून त्याला वाटलं, कोणीतरी आपली गंमत करून राहिलं. (तो स्वतःच खोड्या काढण्यात पटाईत होता, त्यामुळे शंका साहजिक.) उशिराच पोचला. समोर मंत्री, हवाई दलाचे सेनापती, सर हेन्री टिझार्डसारखे मोठे शास्त्रज्ञ. हा २८ वर्षांचा पोरगा. सगळ्यांच्या बोलण्यावरून त्याला कळलं की यांना विषयच नीट समजलेला नाही. मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, वीसेक मिनिटं. चर्चिलने विचारलं, आता काय करायचं? जोन्स म्हणाला, आधी विमान पाठवून झोत खरंच आहे का ते पाहा.

त्याच दुपारी रेडिओलहरींचे एक नामांकित तज्ज्ञ सांगून मोकळे झाले की इतक्या आखूड लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून वाकून इतक्या दूर येऊच शकत नाहीत. गणित त्यांच्या बाजूने होतं, मानही त्यांचाच मोठा. विमान पाठवणं रद्द करावं असंही कोणी बोललं. जोन्स अडून बसला: पंतप्रधानांनी सांगितलेलं उड्डाण कोणी रद्द केलं, हे मी त्यांना कळवीन. विमान गेलं. त्या रात्री झोत सापडला. ३१.५ मेगाहर्ट्झ, रुंदी जेमतेम ४००-५०० यार्ड, दक्षिणेला टिंबं, उत्तरेला रेघा.

अध्यक्ष महोदय, आता माझी गोष्ट. ही लिहायला मला दोन वर्षं हिंमत झाली नाही.

साल सांगत नाही. फेब्रुवारीचा शेवट, बारावीच्या प्रॅक्टिकलची तयारी. पत्र्याच्या छपराखाली आमची प्रयोगशाळा, भिंतीवरच्या थर्मामीटरात ३४ अंश. एक मुलगी रेझोनन्स ट्यूबवर हवेतला आवाजाचा वेग काढत होती. सहा किलोमीटरवरून सायकलनं येणारी, बाप सालदार. ५१२ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क रबरावर आपटायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा, पाण्याची पातळी हळूहळू खाली न्यायची आणि आवाज एकदम भरून आला की लांबी मोजायची. तिनं तीनदा मोजली. तिन्हीदा १६.३ सेंटिमीटर. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर धरून दुरुस्ती केली आणि वेग आला सेकंदाला ३५२ मीटर.

मी तिच्या जर्नलमध्ये पाहिलं आणि म्हटलं, "पुस्तकात ३३२ हाय. १६.३ चं १५.३ कर, बरोबर येते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, पाणी खोटं बोलते का?"

मी तिला चूप केलं. तिच्यादेखत खोडरबर दिलं. तिनं खोडलं. परीक्षेत तिला ३० पैकी २९ मिळाले.

३३२ हा वेग शून्य अंशाच्या आसपासचा. हवा तापली की प्रत्येक अंशाला वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वाढतो. ३४ अंशाला तो ३५२ च येतो, अगदी ती म्हणाली तेवढा. पुस्तकातला आकडा बर्फाच्या हवेतला आणि ती यवतमाळच्या पत्र्याखाली उभी. पोरीनं बरोबर मोजलं होतं. जोन्सच्या गोष्टीतला तो तज्ज्ञ मी होतो.

आणि तो काही एकच दिवस नव्हता. ३१ वर्षांत आधी उत्तर आणि मग रीडिंग, असे किती जर्नल भरून घेतले याचा हिशेब नाही. सुरुवातीला वेळ कमी म्हणून. पुढे यंत्र दुरुस्तीला पैसा नाही म्हणून. शेवटची दहा-बारा वर्षं तर मुलंच नव्हती. नाव आपल्या कॉलेजात, शरीर लातूर-नागपूरच्या क्लासमध्ये. फेब्रुवारीत चार दिवस येतात, जर्नल विकत आणतात, बहिःस्थ परीक्षकाला जेवणात वांग्याची भाजी आणि पाटवडी, आणि पास! ३० पैकी ३०. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, परीक्षकाला ठाऊक आहे, पालकांनाही ठाऊक आहे.

तुमची बाजूही मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. शहरातल्या क्लासशी टाय-अप केलं नाही तर ॲडमिशन होत नाही, पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की मास्तर जातो. फिजिक्सची जागा पाच-पाच वर्षं रिकामी, तासिका तत्त्वावर येणाऱ्या पोराला मिळते त्यात त्याचं पेट्रोल निघत नाही. सीईटीला प्रॅक्टिकल लागत नाही, नीटला लागत नाही, मग खोली कशाला अडवायची? मागच्या वर्षीच्या करिअर शिबिरात पाहुणे स्टेजवरून बोलले, "फिजिक्स म्हणजे नीटचे १८० मार्क." समोर बसलेल्या एका पोट्ट्यानं उठून विचारलं, "अन् नीट नाही लागली तं फिजिक्सचं काय कराचं?" सगळे हसले. पाहुणेही हसले. उत्तर कोणी दिलं नाही.

त्या पोट्ट्याला मी जोन्सचं पुढचं सांगितलं असतं.

क्निकेबाइन बिघडवल्यावर जर्मनांनी जास्त बारीक झोताचं दुसरं तंत्र आणलं. नोव्हेंबर १९४० मध्ये ते यंत्र असलेलं एक विमान इंग्लंडच्या किनाऱ्यावर पडलं. यंत्र काढून आणेपर्यंत समुद्राचं पाणी आणि वाळू लागलेली. त्यातल्या फिल्टरचा सूर होता २००० हर्ट्झ. तो झोत बिघडवायला इंग्रजांनी जे ट्रान्समीटर लावले होते त्यांचा सूर १५०० हर्ट्झचा. जर्मन यंत्राने हा भलता सूर गाळून टाकला. १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्री शहर जळलं. पाचशेहून जास्त माणसं मेली. १५०० आणि २००० यांतला फरक किती? सा आणि मध्यम. आपला हार्मोनियमवाला झोपेतून उठून सांगेल. कोणीतरी कानाने ऐकून नोंद घेताना चुकला, किंवा चुकलेली नोंद पुढे तशीच चालत राहिली. डेडस्टॉकच्या यादीतल्या त्या दोन पेट्या ट्युनिंग फोर्कच्या आहेत, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगितलं.

फेब्रुवारी १९४२ ची गोष्ट तर मला तोंडपाठ आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेव्हाल गावाजवळ, कड्यावर जर्मनांचं एक लहान रडार होतं, सुमारे तीन मीटरच्या परातीसारखं. अगदी खालून उडत जाऊन एका वैमानिकाने त्याचा फोटो काढलेला. जोन्सला ते यंत्र आतून पाहायचं होतं. मग १२० छत्रीधारी सैनिक रात्री बर्फात उतरवले. त्यांच्याबरोबर यंत्र खोलायला कोण? सार्जंट कॉक्स, हवाई दलाचा रडार मेकॅनिक. लढाईआधी सिनेमा थिएटरात पडद्यावर सिनेमा दाखवणारा! याआधी तो कधी विमानात बसला नव्हता. गोळ्या चालू असताना त्यानं बॅटरीच्या उजेडात यंत्राचे भाग सोडवले, जे सुटले नाहीत ते पहारीनं उपटले आणि समुद्रमार्गे घरी आणले. त्यावरून कळलं की हे रडार ५३ सेंटिमीटरच्या लहरींवर चालते आणि त्याची लहर सहज बदलता येत नाही.

तिथून पुढे सगळं फिजिक्सच्या बारावीच्या पुस्तकातलं. लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची धातूची पट्टी त्या लहरीला जोरात दाद देते. रेझोनन्स ट्यूबमध्ये पाण्याची पातळी बरोबर जागी आली की आवाज भरून येतो, त्याचंच हे भावंड. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवर जाणाऱ्या विमानांनी अशा पट्ट्यांच्या पेंढ्याच्या पेंढ्या सोडल्या. जर्मन रडारच्या पडद्यावर विमानंच विमानं! खरं कोणतं अन् पट्टी कोणती, ओळखू येईना. आपण रानडुकरांसाठी धुऱ्यावर चमकी फीत बांधतो, तिला पाहून डुक्कर बिचकते. इथे रडार बिचकलं. मजा अशी की ही युक्ती दोन्ही बाजूंना आधीच माहीत होती. समोरचा शिकेल या भीतीनं दोघंही गप्प बसले होते. त्या हॅम्बर्गात त्या आठवड्यात जे झालं ते मजेचं नव्हतं. हजारो माणसं आगीत गेली. फिजिक्सचा उपयोग सांगताना हेही पोरांना सांगावं लागते.

जोन्सला मी मानतो ते मात्र आणखी एका कारणासाठी. १९४३ मध्ये जर्मनीतल्या पेनेम्युंडे इथल्या हवाई फोटोत त्याला जर्मन रॉकेट दिसलं, जे पुढे व्ही-२ म्हणून लंडनवर पडलं. लिंडमन, म्हणजे चर्चिलचे वैज्ञानिक सल्लागार, हे रॉकेट वगैरे काही नाही, फसवाफसवी आहे असं मानत होते. हेच लिंडमन जोन्सचे ऑक्सफर्डचे गुरू. गुरू एकीकडे आणि फोटो एकीकडे. जोन्सने गुरूचा मान ठेवला आणि कागदावर फोटोत दिसलं ते लिहिलं. दुसऱ्या टोकाला काहीजण रॉकेटच्या डोक्यात पाच-दहा टन दारूगोळा असेल म्हणून घाबरले होते. त्यानं माहिती जुळवत जुळवत तो सुमारे एक टनावर आणला, आणि तो तेवढाच निघाला.

लढाई संपल्यावर हा माणूस १९४६ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठात फिजिक्सचा प्रोफेसर झाला. मधे १९५२-५३ मध्ये चर्चिलने त्याला पुन्हा वैज्ञानिक गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलं. तिथल्या कमिट्यांचा घोळ पाहून वैतागला आणि परत वर्गात गेला. १९८१ पर्यंत शिकवलं आणि अतिशय बारीक मोजमाप करणारी उपकरणं तयार केली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने त्याच्या नावाचं पदक सुरू केलं. १९९७ मध्ये वारला.

ही साहेबांची गोष्ट, आपल्याला काय, असं म्हणाल. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये संरक्षण मंत्र्याला पहिला वैज्ञानिक सल्लागार नेमला तो भौतिकशास्त्रज्ञच होता, उदयपूरचे दौलतसिंह कोठारी. कारगिलनंतर २००४ मध्ये देशाने तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ ही वेगळी संस्थाच काढली. आणि मुलीचं काय काम म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत गुप्तवार्ता संशोधनाची आयार्पा नावाची संस्था आहे, तिची पहिली संचालक, २००८ मध्ये, एक बाई होती. लिसा पोर्टर. ॲप्लाइड फिजिक्समध्ये डॉक्टरेट, त्याआधी नासात विमानविद्येचा विभाग सांभाळलेली, आणि पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्यात संशोधनाच्या उपप्रमुखपदापर्यंत गेलेली. माझ्या ३५२ वाल्या पोरीनं पुढे बी.ए. केलं. बसस्टँडवर भेटली होती एकदा, तिला ते खोडरबर आठवत नव्हतं. मला आठवते.

माझं मागणं मोठं नाही. पडदा लावा, व्हिडिओ दाखवा, माझी ना नाही. त्यासाठी दुसरी खोली आहे, जिथे सध्या निवडणुकीच्या पेट्या आणि जुने बाक पडले आहेत. यादीतलं निम्मं सामान चालू आहे. सोनोमीटरला फक्त तारा पाहिजे. मीटर ब्रिजचे दोन जॉकी, म्हणजे तारेवर टेकवायचे सरकते टोक, मी घरी नेऊन डाग दिले आहेत, ते परत आणून देतो. स्पेक्ट्रोमीटरपैकी एक खरंच गेलेलं आहे, त्यावर सही करतो. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी सकाळी, मी बिनपगारी येईन. पाच मुलं आली तरी चालतील. एक अट आहे: जर्नलमध्ये येईल ते रीडिंग लिहिलं जाईल. पुस्तकाशी जुळलं नाही तर का जुळलं नाही ते शेजारी लिहायचं, आणि त्यासाठी मार्क कापायचे नाहीत. परीक्षकांशी तेवढं तुम्ही बोलून ठेवा, तुमचं ते ऐकतात.

रजिस्टरच्या पान ४१ वर मी पेन्सिलीनं एक ओळ टाकून ठेवली आहे. "रेझोनन्स ट्यूब, ३४ अंश, १६.३ सेंमी, वेग ३५२. बरोबर." ऑडिटवाल्याला दाखवायची असेल तर दाखवा. खोलीची एक किल्ली अजून माझ्याकडे आहे, ती मी शनिवारी घेऊन येतो.

आपला नम्र,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक
जि. यवतमाळ